'रक्तातच असतं त्यांच्या' : हे वाक्य कुठून आलं आणि त्यात खरं किती?

मृद्गंधा (रविवार, रात्री ९.४०)

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक वाक्य ऐकलं, ते अजून डोक्यातून जात नाहीये. पार्किंगमधून दोन सायकली आणि एक मोबाइल गेला होता. कॅमेऱ्यात पलीकडच्या वस्तीतला एक शाळकरी मुलगा दिसला. पारधी समाजातला. मी त्याला ओळखते, कारण त्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात मी गणित शिकवते. चोरी त्यानेच केली, मला त्याने स्वतः सांगितलं, त्याबद्दल वाद नाही. पण मीटिंगमध्ये एक शिकलेले, एरवी अतिशय मायाळू गृहस्थ म्हणाले, "अहो, रक्तातच असतं त्यांच्या. कितीही शिकवा." आणि विसातल्या पंधरा माना हलल्या. माझ्या तोंडून त्या वेळी शब्द फुटला नाही. त्याची रुखरुख लागून राहिली आहे, म्हणून इथे लिहिते.

आपल्याकडे या वाक्यावर एके काळी कायद्याचा शिक्का होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात जाहीर झाली की तिच्यात जन्मलेला माणूस नोंदवहीत गेला. त्याने काय केलं हा प्रश्नच नव्हता. जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. १८९७ च्या दुरुस्तीने चार वर्षांपुढची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ च्या कायद्याने हे सगळं मुंबई इलाख्यालाही लागू झालं. मागचा युक्तिवाद असा होता : इथे सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तर चोराचा मुलगा चोरच होणार. जातीची उतरंड आपली, तिच्यावर बेतलेला कायदा त्यांचा.

त्याच काळात इटलीत चेझारे लोंब्रोसो हा डॉक्टर कैद्यांची डोकी मोजत होता. विलेला नावाच्या एका कैद्याच्या कवटीच्या मागच्या बाजूला त्याला एक खळगा सापडला. त्याच्या मते तो खालच्या प्राण्यांच्या कवटीत असतो. त्यावरून त्याने सिद्धान्त बांधला की जन्मजात गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहून गेलेला माणूस, आणि मोठा जबडा, लांब हात, कानांची ठेवण यांवरून तो ओळखता येतो. हे त्याचं पुस्तक १८७६ चं. पुष्कळ जण म्हणतात की लोंब्रोसोवरून आपला कायदा झाला. तसं नाही, कायदा पाच वर्षं आधीचा आहे. तेव्हाची हवाच तशी होती.

पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंगने सुमारे तीन हजार कैद्यांची मापं घेतली आणि ती सैनिक, विद्यार्थी अशा साध्या माणसांच्या मापांशी ताडून पाहिली. कैदी सरासरीने थोडे बुटके आणि हलके निघाले, पण 'गुन्हेगाराचा चेहरा' असा काही सापडला नाही. ते १९१३ साली छापून आलं. म्हणजे मुंबई इलाख्यातल्या लोकांना जन्मावरून नोंदवहीत घातल्यावर दोनच वर्षांनी. पण नोंदवही काही बंद झाली नाही, ती त्यापुढे एकोणचाळीस वर्षं चालू राहिली.

एवढं मला वाचून माहीत आहे. पण मी गणिताची बाई. 'शरीराचा गुन्ह्याशी काहीच संबंध नाही' असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. जनुकं, मेंदू, हार्मोन्स, लहानपणीचे घाव यांबद्दल अधूनमधून बातम्या येतात. त्यात खरं किती? जाणकारांनी लिहावं. पुढच्या मीटिंगला मला गप्प बसायचं नाहीये.

चिंचेचं_पान (रविवार, रात्री १०.१५)

वाचतेय. आमच्या गावी अजूनही घरफोडी झाली की पोलीस आधी तांड्यावर जातात. मग चोर कुठे का सापडेना.

डॉ_कवडसा (रविवार, रात्री ११.२०)

मृद्गंधाताई, मी मनोविकारतज्ज्ञ. वाक्य चुकीचं आहे, पण त्यामागच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून मुंबईतल्या एका माणसापासून सुरुवात करतो.

रमण राघव. १९६५-६६ आणि नंतर १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या लोकांची डोकी ठेचून खून पडत होते. २७ ऑगस्ट १९६८ ला तो सापडला. ४१ खुनांची कबुली त्याने दिली. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. पोलिसांच्या डॉक्टरांनी आधी त्याला ठणठणीत ठरवलं होतं. पुढे उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला पुन्हा पुन्हा तपासलं, तेव्हा वेगळंच जग समोर आलं. त्याच्या लेखी दोन दुनिया होत्या, एक 'कानून'ची आणि एक आपली. लोक आपलं लिंग बदलायला टपले आहेत, पण आपण कानूनचे प्रतिनिधी असल्यामुळे त्यांना ते जमत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. निदान झालं जुनाट संशयग्रस्त स्किझोफ्रेनियाचं. आपण माणूस मारतोय हे त्याला कळत होतं. ते चूक आहे हे कळत नव्हतं. १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये किडनीच्या आजाराने तो गेला.

इथे आजार आणि गुन्हा यांचा सांधा सरळ दिसतो. पण हे उदाहरण मी कायम भीतभीतच देतो, कारण लगेच पुढचं वाक्य येतं, "म्हणजे वेडे लोक खुनी असतात." मी पंचवीस वर्षं हेच रुग्ण पाहतोय. त्यांतल्या बहुतेकांनी कोणावर हात उगारलेला नाही, उलट मार खाणारे, लुबाडले जाणारेच जास्त. धोका थोडा वाढतो तो उपचार सुटले आणि जोडीला दारू किंवा नशा आली तर. स्किझोफ्रेनिया शंभरातल्या जवळपास एकाला आयुष्यात कधीतरी गाठतो. तेवढे रमण राघव आपल्या आसपास आहेत का?

मेंदूच्या दुखापतीचंही असंच. १८४८ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटला फिनियस गेज नावाच्या रेल्वे मुकादमाच्या डोक्यातून जवळपास साडेतीन फुटांची लोखंडी पहार आरपार गेली. माणूस जगला, पण स्वभाव पार बदलला, शिवराळ आणि बेभरवशाचा झाला. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. कमी वेळा शिकवलं जातं ते पुढचं : तोच गेज नंतर चिलीत जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकण्याची नोकरी नीट करत होता. कपाळामागचा मेंदू म्हणजे आपला लगाम. तो तुटतो तसा काही वेळा पुन्हा थोडाफार हातीही येतो.

सगळ्यांत थरारक नोंद व्हर्जिनियातल्या एका शिक्षकाची. वय चाळीस, आधी काही नाही, अचानक लहान मुलांकडे लैंगिक ओढ सुरू झाली, त्यातून गुन्हा घडला, दोषी ठरला. शिक्षा सुनावली जाण्याच्या आदल्या रात्री डोकं असह्य दुखतं म्हणून रुग्णालयात आला, तर डोळ्यांच्या वरच्या भागात मेंदूला गाठ. गाठ काढली, ओढ गेली. काही महिन्यांनी ओढ परतली, तपासलं तर गाठ परतलेली. पुन्हा काढली, पुन्हा गेली. असं स्वच्छ कार्यकारण मला दुसरीकडे दिसलेलं नाही. पण तुमच्या सोसायटीतल्या सायकलचोराच्या डोक्यात गाठ नाही, ताई.

पेठकर (सोमवार, सकाळी ७.०५)

डॉक्टरांनी मुंबई सांगितली, मी पुणं सांगतो.

१९७६ साली मी एकवीस वर्षांचा होतो. जानेवारी ७६ ते मार्च ७७ एवढ्या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणतात ते. आजच्या मुलांना त्या भीतीची कल्पना येणार नाही. संध्याकाळी सातला पेठा सामसूम. वडील दाराला आतून कडी, वर आडणा, आणि उशाशी काठी घेऊन झोपायचे. दार वाजलं तर ओळखीचा आवाज पटेपर्यंत उघडायचं नाही. गावभर चर्चा एकच : हे कोणीतरी परगावचे, सराईत टोळीवाले असणार. कोणकोणत्या जमातींची नावं तेव्हा घेतली गेली, ती आता लिहायलाही लाज वाटते.

सापडले ते कमर्शिअल आर्ट शिकणारे कॉलेजचे विद्यार्थी. पहिला बळी तर त्यांच्याच वर्गातला मित्र. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली, पाचवा माफीचा साक्षीदार होता.

माझ्या ओळखीतल्या एकाने त्यांच्याबरोबर एका टेबलावर चहा घेतला होता. तो म्हणायचा, "मी रात्र रात्र आठवत बसतो, काही दिसलं होतं का तोंडावर. काही नव्हतं रे." आता सांगा, त्यांच्या रक्तात काय होतं? वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या जातिधर्मांतली मुलं. नंतर कोणी त्यांच्या जातींची नोंदवही उघडली नाही, आणि उघडायला नकोच होती. मला एवढंच कळतं की ती मुलं एकेकटी असती तर कदाचित दारू पिऊन, कर्ज काढून बरबाद झाली असती. टोळकं जमलं, एक पुढारी झाला, पहिला खून पचला, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या डोळ्यांत आपण भित्रे दिसू नये म्हणून पुढे सरकत गेला. हे माझं मत, शास्त्र नाही.

डॉ_कवडसा (सोमवार, सकाळी ८.३०)

काका, शास्त्रही याच्या जवळ येतं. एकट्याने न होणारी गोष्ट जमावाने होते, जबाबदारी वाटून गेली की तिचं वजन कोणालाच जाणवत नाही. 'पहिला पचला' हे तर फार नेमकं बोललात.

तुषारकण (सोमवार, दुपारी २.१०, एडिनबरा)

मी इथे जनुकशास्त्रात काम करतो. ताईंच्या प्रश्नातला 'जनुक' हा भाग मी घेतो.

आधी एक फसलेली गोष्ट. मी राहतो तिथून फार लांब नाही, कारस्टेअर्सला धोकादायक मनोरुग्णांसाठी सरकारी रुग्णालय आहे. तिथल्या १९७ पुरुषांची गुणसूत्रं तपासली, तर सात जणांत एक वाय गुणसूत्र जास्त निघालं. ही १९६५ ची गोष्ट. झालं, 'गुन्हेगारीचं गुणसूत्र सापडलं' म्हणून जगभर बोंब उठली. अमेरिकेत शिकागोला आठ नर्सिंग विद्यार्थिनींचा खून करणाऱ्या माणसाकडेही तेच आहे असं छापून आलं. त्याच्याकडे ते नव्हतंच. मग १९७६ मध्ये डेन्मार्कमध्ये एका गटाने शहाणपणाचं काम केलं : तुरुंगात न जाता बाहेरच्या चार हजारांवर उंच पुरुषांना तपासलं. जास्तीचं वाय असलेले बारा सापडले. त्यांतल्या काहींना शिक्षा झाल्या होत्या, पण त्या बहुतेक किरकोळ गुन्ह्यांसाठी. ते इतरांपेक्षा हिंसक आहेत असं दिसलं नाही. तुरुंगातच शोधलं तर जे सापडेल ते गुन्हेगारीचं कारण वाटतं. मीटिंगमध्ये सांगायला हा धडा चांगला आहे.

आता टिकलेली गोष्ट. मेंदूतली काही रसायनं मोडून काढणारं एक विकर (एन्झाइम) आहे, त्याच्या जनुकाला माओए म्हणतात. १९९३ मध्ये नेदरलंड्समधल्या एका कुटुंबात हे जनुक पूर्ण बंद पडलेले पुरुष सापडले. बुद्धी थोडी कमी, रागाचे झटके, आग लावणं, लैंगिक हल्ले. ही अवस्था अतिदुर्मीळ आहे, ती बाजूला ठेवू. याच जनुकाचं एक 'मंद' रूप मात्र पुष्कळ जणांत असतं, युरोपीय वंशाच्या पुरुषांत जवळपास तिघांमागे एकात.

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा माग संशोधक आजपर्यंत घेत आहेत. २००२ मध्ये त्यांनी त्यातल्या मुलग्यांबद्दल लिहिलं. जनुक मंद, पण बालपण धड गेलं : काही फरक नाही. जनुक मंद आणि लहानपणी मारहाण, छळ, आबाळ : असे मुलगे फक्त १२ टक्के होते, पण अभ्यासातल्या सगळ्या मुलग्यांना हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. नंतरचे सगळेच अभ्यास इतके ठळक निघाले नाहीत, पण एकत्र करून पाहिल्यावर मुलग्यांमध्ये हा परिणाम टिकतो.

म्हणजे जनुक एकटं काही करत नाही. कोरड्या गवतासारखं समजा, ठिणगी बाहेरून येते. आणि ठिणगी टाकणारे बहुतेकदा मोठी माणसं असतात.

अजून एक, दत्तक मुलांचा डेन्मार्कमधला अभ्यास, १९८४ चा, चौदा हजारांवर दत्तक प्रकरणांचा. जन्मदाते आणि दत्तक घेणारे पालक दोघेही निर्दोष असतील, तर १३.५ टक्के मुलग्यांना कधीतरी शिक्षा झाली. फक्त पालक दोषी असतील, तर १४.७. फक्त जन्मदाते दोषी असतील, तर २०. दोन्ही असतील, तर २४.५. हा संबंध चोरीसारख्या गुन्ह्यांत दिसला, हिंसेत नाही. म्हणजे रक्ताने येणारं काहीतरी आहे, हे मी लपवणार नाही. पण तोच आकडा असाही वाचा : जन्मदाता गुन्हेगार, तरी शंभरातल्या ऐंशी मुलांना कधीच शिक्षा झाली नाही.

आणि हे कळकळीने सांगतो. हे सगळे अभ्यास एकाच समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहेत. त्यावरून एका जमातीबद्दल आणि दुसऱ्या जमातीबद्दल काहीही म्हणता येत नाही. एकाच शेतातली रोपं बियाण्यामुळे उंचबुटकी असतील, पण दोन शेतांतला फरक पाण्यामुळेही असू शकतो. ज्यांना ऐंशी वर्षं पाणीच तोडलं होतं, त्यांच्या बियाण्याबद्दल बोलायचा अधिकार कोणाला पोचतो?

सेटलमेंटचा_नातू (सोमवार, रात्री ९.५०)

पहिल्यांदाच लिहितोय इथे. सोलापूरचा आहे. आजी-आजोबा सेटलमेंटमध्ये, म्हणजे त्या कायद्याखाली जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीत वाढले. आम्ही अजूनही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतो.

तारेचं कुंपण होतं. आतली माणसं गिरण्यांत कामाला जायची, भोंगा झाला की परत आत. हजेरी चुकली की शिक्षा. आजी सांगायची, तिची आई बाळंतपणानंतर आठव्या दिवशी हजेरीला उभी राहिली होती, मूल पदरात. मूल मोजलं गेलं. म्हणजे माझी आजी आठ दिवसांची असताना सरकारदरबारी गुन्हेगार म्हणून मोजली गेली. ती ऐंशी वर्षं जगली, कोणाची काडी उचलली नाही तिने.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला सुटला. आम्ही ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो कायदा गेला तेव्हा. पाच वर्षं सोळा दिवस. म्हणून आम्ही ३१ ऑगस्टला विमुक्त दिन करतो. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. पाटी बदलली, पोलिसांच्या मनातली वही तीच. बंगालमध्ये पुरुलियाला १९९८ मध्ये बुधन सबर पोलीस कोठडीत मेला, तो आमच्यासारख्याच जमातीतला. त्यानंतर लेखिका महाश्वेतादेवी, भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि आपले लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली.

तुषारकण दादांचं शेताचं उदाहरण वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अजून एक लिही." ते दहावीला शाळेत पहिले आले होते. मास्तर घरी पेढे द्यायला आले आणि निघताना कौतुकाने म्हणाले, "तुमच्यात असून!" वडील म्हणतात, शिव्या विसरलो, ते दोन शब्द नाही विसरलो.

मृद्गंधा (सोमवार, रात्री १०.२०)

दादा, लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू. वडिलांना माझा नमस्कार सांगा. मीही शिकवते. माझ्या तोंडून असं काही गेलंय का, हे आठवत बसलेय.

अश्विनी_ठाणे (मंगळवार, सकाळी १०.४०)

मला सगळ्यांपेक्षा वेगळं बोलायचं आहे, कृपया रागावू नका.

माझ्या आईचं मंगळसूत्र दोन मुलांनी बाइकवरून खेचलं. ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि आठ महिन्यांत गेली. पकडलेल्या मुलाच्या वकिलाने कोर्टात त्याचं बालपण किती वाईट गेलं ते सांगितलं. मी तिथे बसले होते. त्याला बाप नव्हता. मलाही नव्हता. आईने डबे करून मला वाढवलं. मी कोणाच्या गळ्याला हात नाही घातला.

जनुक, मेंदू, बालपण, सगळं मान्य. पण मग त्याने केलं असं म्हणायचं की नाही? तुमचं स्पष्टीकरण जितकं वाढतं तितका तो माणूस त्यातून नाहीसा होतो, आणि माझी आईही.

डॉ_कवडसा (मंगळवार, दुपारी १.१५)

अश्विनीताई, रागवायचा प्रश्नच नाही. हे आम्हाला कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

तुम्ही बोललात ते अभ्यासातही दिसतं. अमेरिकेत लहानपणी छळ आणि आबाळ सोसलेल्या ९०८ मुलांचा माग घेऊन १९८९ मध्ये निष्कर्ष आले. त्यांतल्या २६ टक्क्यांना वयात येईपर्यंत अटक झाली, तशाच परिस्थितीतल्या पण छळ न झालेल्या मुलांत १७ टक्क्यांना. म्हणजे घाव झाल्याने धोका वाढला, आणि घाव झालेल्यांतल्या चौघांपैकी तिघांनी मात्र तो मार्ग धरला नाही. तुम्ही त्या तिघांतल्या. तुमच्या आईने केलेले डबे हेही एक कारणच आहे, आणि त्यावर कोणी शोधनिबंध लिहीत नाही.

कारण सांगणं म्हणजे माफ करणं नाही. रमण राघवसारखा माणूस निवड करूच शकत नव्हता. तुमच्या आईला पाडणारा मुलगा करू शकत होता, कठीण असली तरी. बहुतेक गुन्हेगार दुसऱ्या प्रकारचे. त्यांच्या बाबतीत मी 'त्याने केलं' असंच म्हणतो, आणि नंतर 'कशामुळे' हेही विचारतो, कारण त्याचा धाकटा भाऊ अजून दहा वर्षांचा असतो.

अश्विनी_ठाणे (मंगळवार, दुपारी १.५०)

धाकटा भाऊ खरंच होता कोर्टात. आईच्या पदराला धरून उभा होता.

काळा_कोट (मंगळवार, रात्री ८.३०)

वकील आहे, फौजदारी बाजू बघते. कायदा हे कसं पाहतो ते थोडक्यात लिहिते.

वेडाच्या भरात केलेल्या कृत्याला माफी देणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेत कलम २२. त्याची मुळं इंग्लंडमधल्या १८४३ च्या मॅक्नॉटन खटल्यात. कसोटी कडक आहे. नुसता आजार सिद्ध होऊन भागत नाही. कृत्याच्या क्षणी ते काय आहे किंवा चूक आहे हे कळण्याची कुवतच नव्हती, हे दाखवावं लागतं.

मेंदूविज्ञान कोर्टात आणण्यात आपलं पुणं एकदा जगाच्या पुढे गेलं होतं, आणि त्याचा मला अभिमान वाटत नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाच्या आरोपात दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युत लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. डोक्याला तारा लावायच्या, गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची, आणि लहरींवरून 'हिला हे अनुभवाने माहीत आहे' असं ठरवायचं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत.

जनुकाचा बचाव दुधारी आहे. इटलीत २००९ मध्ये एका खुन्याची शिक्षा माओए जनुकाच्या आधारावर एक वर्षाने कमी झाली. पण तोच अहवाल हातात धरून सरकारी वकील म्हणू शकतो, 'हा सुधारणारच नाही, कायमचा आत ठेवा.' मी बचावाची वकील, तरी हा मुद्दा मी सहज वापरणार नाही.

फाशीच्या प्रकरणांत मात्र ही माहिती जीव वाचवते. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशी सुनावण्याआधी आरोपीची मानसिक तपासणी, बालपण, घरची स्थिती कोर्टासमोर आलीच पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी फाशीच्या ८८ कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यांतल्या ६२ टक्क्यांना मानसिक आजार होता.

आणि सोलापूरच्या दादांसाठी : ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत जातीवरून कामं वाटणारे नियम रद्द केले. विमुक्त जमातींच्या लोकांना जन्मावरून सराईत समजणाऱ्या तुरुंगनियमांवरही तोच निकाल आहे. मुंबईतल्या एका महिला पत्रकाराच्या याचिकेवरचा निकाल आहे तो.

ताई, एक महत्त्वाचं. मुलाची ओळख पटेल असं आणखी काही इथे लिहू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली ती उघड करायला बंदी आहे.

गोधडी (बुधवार, सकाळी ९.१५)

डॉक्टर, मुलांत आधीच ओळखता येतं का? माझा भाचा सात वर्षांचा, मांजराच्या पिल्लाला फार छळतो. धाकधूक वाटते.

डॉ_कवडसा (बुधवार, दुपारी २.००)

गोधडी, एका गोष्टीवरून काही ठरवू नका, पण दुर्लक्षही करू नका. बालमनोविकारतज्ज्ञांना दाखवा. बऱ्याचदा मागे घरातलं भांडण, मार, किंवा कोणीतरी त्याला छळत असणं निघतं.

'सायकोपॅथ' (दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच न वाटणारा माणूस) हा शब्द मुलांसाठी कोणी वापरला तर थांबवा. मोठ्यांसाठी कॅनडातल्या रॉबर्ट हेअर यांची वीस मुद्द्यांची, चाळीस गुणांची यादी वापरतात. ती भरायला प्रशिक्षण आणि कागदपत्रं लागतात, दिवाणखान्यात बसून भरायची नसते. वाममार्गाला लागलेली बहुतेक किशोरवयीन मुलं विशीच्या आसपास आपोआप थांबतात. लहानपणापासून सुरू होऊन जन्मभर चालणारा गट अगदी छोटा आहे. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये ही विभागणी मांडली, आणि त्यामागे तोच ड्युनेडिनचा अभ्यास होता. कोणता मुलगा कोणत्या गटात जाईल हे बाराव्या वर्षी खात्रीने सांगणारी चाचणी नाही. शिक्का मात्र बाराव्या वर्षी बसतो, आणि मग मुलगा त्या शिक्क्याला शोभेल असं वागायला लागतो.

उलट, काय केलं तर धोका कमी होतो हे आपल्याला जास्त चांगलं माहीत आहे. मॉरिशसमध्ये तीन ते पाच वर्षांच्या शंभर मुलांना दोन वर्षं चांगला आहार, खेळ-व्यायाम आणि चांगली बालवाडी दिली. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांच्यातले गुन्हे, इतर तशाच मुलांच्या तुलनेत, सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. आणि सर्वांत जास्त फायदा सुरुवातीला कुपोषित असलेल्यांना झाला. हे जीवशास्त्रच आहे. अंडं, दूध, मासे आणि मैदान.

दुसरी गोष्ट शिसं. अमेरिकेत सिनसिनाटीला जन्माआधीपासून मुलांच्या रक्तातलं शिसं मोजत गेले. ज्यांच्यात ते जास्त, त्यांना मोठेपणी अटका जास्त, विशेषतः हिंसेसाठी. शिसं त्या कपाळामागच्या लगामावरच बसतं. आपण शिशाचं पेट्रोल २००० साली बंद केलं, पण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याचा धंदा वस्त्यांमधून चालतो. मृद्गंधाताई, तुमच्या अभ्यासवर्गाच्या आसपास असं काही आहे का?

मृद्गंधा (बुधवार, रात्री ९.३०)

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून मी ताडकन उठून बसले. आहे. पत्र्याच्या शेडमध्ये, पाण्याच्या टाकीला लागून. मुलं तिथेच खेळतात. चार वर्षं मी नाकाला पदर लावून त्याच्या समोरून जातेय आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

डॉ_कवडसा (बुधवार, रात्री ९.५५)

सगळ्यांचीच तपासणी करा, एकट्या त्याची नको. शिरेतून रक्त घेऊन शिशाची पातळी मोजतात. हिमोग्लोबिनही बघा, लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. तोवर जेवणाआधी साबणाने हात, बाहेरच्या चपला बाहेर, आणि घरात ओलं फडकं, झाडू नको, धूळ उडते. मला व्यक्तिगत निरोप करा, मी एका सहकाऱ्याशी बोलून ठेवतो. शेड हलवल्याशिवाय बाकी सगळं वरवरचं आहे, हेही लक्षात असू द्या.

पेठकर (गुरुवार, सकाळी ६.५०)

तपासण्यांचा खर्च किती येईल ते कळवा. पेन्शनर आहे, पण दोन-तीन मुलांचा माझ्याकडे.

सेटलमेंटचा_नातू (गुरुवार, सकाळी ८.१०)

ताई, एक विनंती. रक्त घ्यायला जाताना वस्तीतल्या बायकांना आधी बसवून नीट समजावा. आमच्या लोकांकडून बोटांचे ठसे, फोटो, मापं फार वेळा घेतली गेलीत. सुई बघून पळतील, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. हवं तर मी येतो, पारधी बोली थोडी येते मला.

मृद्गंधा (रविवार, रात्री ८.४५)

सोसायटीची मीटिंग आज झाली. मी बोलले. सोलापूरचं सांगितलं, डेन्मार्कचे आकडे सांगितले, जोशी-अभ्यंकर सांगितलं तेव्हा दोन-तीन आजोबांनी माना हलवल्या. ते गृहस्थ शेवटी म्हणाले, "पण सायकल तर गेलीच ना." बरोबर आहे त्यांचं. एक सायकल मुलाने परत आणून दिली आहे, दुसरी विकली गेली, तिचे पैसे तो आणि त्याची आई हप्त्याने देणार आहेत. हे त्याने स्वतः येऊन सांगितलं, मान खाली घालून, पण सांगितलं. अश्विनी, हे सांगताना तुझी आठवण आली.

वस्तीत काल बायकांची बैठक झाली. दादा सोलापूरहून रात्रीच्या गाडीने आले होते. अर्धा तास मी शास्त्र समजावत होते, कोणी हूं की चूं केलं नाही. मग ते त्यांच्या बोलीत बोलले, आजीचं आणि हजेरीचं. त्यानंतर एका म्हातारीने विचारलं, "हे रक्त पोलिसाकडे जाणार का?" नाही म्हटल्यावर तिनेच आधी आपल्या नातीचा हात पुढे केला. तेवीस मुलांचे नमुने गेलेत. शेडच्या मालकाशी बोलणं अजून व्हायचंय, ते सोपं नसणार.

डॉक्टर, पेठकरकाका, खर्चाचं व्यक्तिगत निरोपात लिहिते. रिपोर्ट आठवड्याने येतील. ते मी इथे टाकणार नाही, प्रत्येकाच्या आईच्या हातात देईन.